मामांच्या ओळखीची स्प्लेंडर

"काका, मी सिन्नरजवळच्या एका गावातला. वय २४. आयटीआय फिटर केलंय. अंबड एमआयडीसीत कंत्राटावर लागून सात महिने झाले. जाऊन-येऊन ७० किलोमीटर पडतं. सध्या एसटी आणि काळी-पिवळीने जातो, पण दुसरी पाळी सुटली की रात्री काहीच मिळत नाही, मित्राच्या खोलीवर झोपावं लागतं. मामांनी निफाडची एक स्प्लेंडर प्लस बघितलीय. २०१९ ची, मीटरवर ३८ हजार, मालक ५२ हजार म्हणतो. माणूस मामांच्या ओळखीचा. 'फार खोदून बघू नको, त्यांना वाईट वाटेल,' असं मामा म्हणतात. वडील म्हणतात, कर्ज काढ पण नवीन घे. शोरूमवाल्याने ऑन-रोड ९२ हजार सांगितलेत. या गाडीला ७० चं ॲव्हरेज आहे म्हणतात, ते खरं मानू का? आणि घेताना नक्की काय बघू?"
— एक वाचक, ता. सिन्नर

पत्रात मला काका म्हटलं आहेस, म्हणून मीही अरे-तुरे करतो. संगमनेरात २६ वर्षं गॅरेज चालवलं. तुझ्यासारखी मुलं हाच प्रश्न घेऊन कायम दारात उभी असायची. त्यांना सांगितलं तेच तुला सांगतो, फक्त जरा सविस्तर.

आधी एक हिशेब. रोजचे ७० किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १८२० किलोमीटर होतात. म्हणजे मीटरवरचे ३८ हजार खरे असतील, तर त्या मालकाने इतक्या वर्षांत जेवढी गाडी चालवली तेवढी तू २१ महिन्यांत चालवणार. बाजाराला जाण्यापुरती, डेअरीवर दूध घालण्यापुरती गाडी हवी असती तर मी चार गोष्टींकडे काणाडोळा कर म्हटलं असतं. तुझ्या बाबतीत तसं म्हणवत नाही. तू रात्री बाराला पाळी सुटल्यावर नाशिक-पुणे हायवेने, ट्रकांच्या मधून, मोहदरी घाट चढून घरी येणार आहेस. ॲव्हरेजचा प्रश्न तू पत्रात विचारलास, ब्रेकचा आणि हेडलाइटचा एकदाही नाही. मला पत्र वाचताना तेच खुपलं.

आता मामांच्या भिडेचं. ओळखीचा माणूस मुद्दाम फसवेल असं मी म्हणत नाही. पण गाडीत काय बिघडलंय हे पुष्कळदा मालकालाच माहीत नसतं. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला हळूहळू वाढलेला आवाज ऐकूच येत नाही. त्यामुळे तपासणी म्हणजे त्यांच्या शब्दावर अविश्वास नव्हे, हे मामांना नीट समजावून सांग. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशाच व्यवहारांत दिसतं. गाडी घेऊन महिन्याभरात इंजिन खोलावं लागलं तर मामांचे त्या माणसाशी आणि तुझे मामांशी, दोन्हीकडचे संबंध बिघडतील. आज अर्धा तास वाईट वाटलेलं परवडेल.

यातून एक सरळ वाट आहे. मामांकरवी मालकाला निरोप दे, "शनिवारी संध्याकाळी गाडी आमच्याकडे आणून लावा, रविवारी सकाळी मुलगा बघेल, तुम्ही चहाला या." ओळख आहे ना, मग एवढं ते नक्की करतील. यात तुझा मोठा फायदा आहे. गाडी रात्रभर तुझ्या नजरेखाली उभी राहते आणि सकाळी इंजिन पूर्ण थंड मिळतं. विकणाऱ्याच्या दारात गेलास तर गाडी बहुतेक आधीच एक फेरी मारून गरम केलेली असते, आणि गरम इंजिन निम्म्या गोष्टी लपवतं. कधी अशा गाडीपाशी गेलास तर किल्ली मागायच्या आधी इंजिनला हाताचा पंजा लाव. कोमट लागलं तर "उद्या सकाळी येतो" म्हणून निघून ये.

शनिवारी रात्री गाडी मुख्य स्टँडवर लाव आणि इंजिनखाली जुनं वर्तमानपत्र अंथर. सकाळी कागदावर डाग कुठे पडलाय ते बघ. ड्रेन नटखाली एखादा थेंब असेल तर वॉशरचं काम, किरकोळ आहे. गिअर शाफ्टच्या किंवा पुढच्या स्प्रॉकेटच्या बाजूला असेल तर ऑइल सील गेलंय, तेही होण्यासारखं काम. पण इंजिनच्या दोन भागांच्या सांध्यात लाल किंवा काळा सिलिकॉनचा पट्टा बाहेर आलेला दिसला, तर इंजिन आधी एकदा खोललेलं आहे. का खोललं, कुणी खोललं, ब्लॉक-पिस्टन बदलला की नुसती रिंग, हे मालकाला विचार. खोललेलं इंजिन वाईटच असतं असं नाही. चांगल्या हाताने केलेलं असेल तर ते आणखी ५० हजार चालतं. मात्र उत्तर देताना मालक अडखळला तर सावध हो.

मग किक हाताने दाब. पायाने नाही, हातानेच, सावकाश. एका जागी चांगला विरोध लागायला हवा, तो कॉम्प्रेशनचा दाब असतो. किक लोण्यात सुरी शिरल्यासारखी खाली गेली तर रिंग किंवा व्हॉल्व्हमध्ये गळती आहे.

आता इंजिन चालू कर. ही बीएस-४ गाडी आहे (प्रदूषणाच्या मागच्या नियमांतली), म्हणजे कार्बोरेटरची. थंडीच्या सकाळी चोक ओढून दोन-तीन किकमध्ये घेतलीच पाहिजे. सेल्फ नंतर बघ, आधी किक. चालू होताना कुणाला तरी सायलेन्सरमागे उभा कर. पांढरी वाफ निघून मिनिटा-दोन मिनिटांत गेली तर काही नाही, रात्रीचा दमटपणा आहे. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला तर ऑइल जळतंय. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर आणि एअर फिल्टर साफ केल्यावर ते बहुधा सुटतं.

आवाजाला मात्र वेळ दे. तू फिटर आहेस, तुझा कान मशीनवर तयार झालाय, तोच इथे वापर. वरच्या बाजूने एकसारखी बारीक टिकटिक येत असेल तर टॅपेट ढिले आहेत, दहा मिनिटांचं काम. डाव्या बाजूने साखळी घासल्यासारखी खरखर येत असेल, विशेषतः ॲक्सिलरेटर देऊन सोडल्यावर, तर टायमिंग चेन सैल झालीय. तिचा खर्च आहे, पण तो किमतीतून वजा करता येतो. खालून ठक-ठक असा जड आवाज येत असेल आणि ॲक्सिलरेटर देताना तो वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉड किंवा क्रँकचं बेअरिंग गेलंय. त्या वेळी चहा घे, आभार मान आणि गाडी परत पाठव. घासाघीस करत बसू नकोस.

इंजिन पाच मिनिटं चाललं की उजव्या बाजूची ऑइलची काडी फिरवून मोकळी कर आणि त्या भोकावर नुसती ठेव. हलकीशी धडधड जाणवेल, ती असायचीच. पण तिथून धूर भकाभक येत असेल तर रिंगवरून दाब खाली उतरतोय, आज ना उद्या हाफ इंजिनचं, म्हणजे ब्लॉक-पिस्टन-रिंगचं, काम निघणार. काडीवरचं ऑइल दोन बोटांत चोळून बघ. काळं असणं हा दोष नाही, चाललेलं ऑइल काळंच होतं. चमचमणारा धातूचा भुगा असेल किंवा ऑइल दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं, दिसलं तर ते वाईट.

दुधाळ ऑइलचं मुद्दाम सांगतो, कारण गाडी निफाडची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा सायखेडा-चांदोरीत घरांत पाणी शिरलं होतं. अंगणातल्या गाड्या वाचल्या असतील कशा? ही गाडी त्या वेळी नवी असेल किंवा अजून यायची असेल, आणि निफाड तालुका मोठा आहे, त्यामुळे संशय घेऊनच बघ असं म्हणत नाही. पण सीट काढून बॅटरीच्या पेटीच्या कोपऱ्यांत आणि हेडलाइटच्या वाटीच्या आत वाळलेल्या गाळाची रेघ आहे का, ते टॉर्च मारून बघ. धुऊन-पुसून दिलेल्या गाडीत गाळ तिथेच राहतो. टॉर्च हातात आहेच तर पेट्रोलच्या टाकीतही डोकाव. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल धरून बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या, ही त्याआधीची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीच्या तळाला गंज धरलेला सापडतो. पेट्रोलचा रबरी पाइप कडक होऊन भेगाळला असेल तर तोही बदलावा लागेल.

जमलं तर प्लग काढ. टोकाला विटकरी-तपकिरी रंग आला असेल तर आत सगळं ठीक जळतंय. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओलं, तेलकट काळं असेल तर वरच्या निळ्या धुराची ती दुसरी साक्ष समज.

इथवर सगळे इंजिनबद्दलच बोलतात. माझी चूकही इथेच झाली होती, ती सांगतो.

२००९ साली माझ्या भाच्याला कॉलेजला जायला शंभर सीसीची जुनी गाडी घेतली. मी स्वतः बघितली. इंजिन इतकं गोड चालत होतं की मी दुसरीकडे हातच लावला नाही. हँडलच्या मुळाशी, फ्रेमच्या मानेवर, ताजा काळा रंग होता. विकणाऱ्याने गाडी स्वच्छ करून दिलीय असं मी समजलो. गाडी कधीतरी समोरून आदळलेली होती आणि त्या रंगाखाली वेल्डिंग होतं. दीड महिन्याने एका गतिरोधकावर तो टाका सुटला. वेग कमी होता म्हणून भाच्याचं हाडावर निभावलं, गळपट्टीचं हाड मोडलं. बहिणीने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही गाडीचं पुढचं अंग आधी बघतो, इंजिन नंतर.

म्हणून तूही असं कर. गाडी मुख्य स्टँडवर असू दे, एकाला मागच्या बाजूने सीट दाबायला सांग, म्हणजे पुढचं चाक जमिनीवरून सुटेल. आता हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मुळातलं बेअरिंग, संपलाय. मग चाकापुढे उकिडवा बस, शॉकअपचे दोन्ही पाय खालून धर आणि पुढे-मागे ओढ. 'कट-कट' जाणवली तर कोन सेट ढिला आहे किंवा झिजलाय. हा खर्च फार नाही, पण तो करायचाच, पुढच्या महिन्यावर ढकलायचा नाही. शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाचं कडं दिसलं तर सील गेलंय. मग फ्रेमच्या मानेवरून, टाकीखालून बोट फिरव. रंग जाड लागतोय का, सांधा खडबडीत आहे का, एका बाजूचा रंग दुसरीपेक्षा नवा आहे का? चेसिस नंबर त्याच भागात ठोकलेला असतो, तो आरसीशी अंक अन् अंक जुळव. नंबराभोवती घासल्याची खूण असेल तर विषय तिथेच संपव.

अपघाताची आणखी एक खूण. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटण येत नाही, इंजिन चालू असेपर्यंत दिवा लागलेलाच राहतो. २०१९ च्या गाडीला तसं बटण दिसलं तर स्विच कधीतरी बदललाय, आणि स्विच बहुधा गाडी पडल्यावरच बदलतात. मग लिव्हरची टोकं, सायलेन्सरची बाहेरची बाजू आणि पायदाणाचं टोक बघून गाडी कुठल्या कुशीवर पडली ते कळतं.

आरसीवर उत्पादनाचा महिना आणि नोंदणीची तारीख दोन्ही असतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोडब्रेक सक्तीचा झाला, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. तुझी गाडी त्या तारखेनंतरची असेल तर तिला तो असणार, आधीची असेल तर कदाचित नसेल. मी तुझ्या जागी असतो तर तो असलेलीच गाडी घेतली असती. कसा तपासायचा? पुढचं चाक उचललेलं असतानाच ते हाताने फिरव आणि दुसऱ्याला मागचा ब्रेक दाबायला सांग. चाक जड होऊन थांबायला हवं. पुष्कळ ठिकाणी तार ढिली करून हा ब्रेक निकामी ठेवलेला असतो, "गाडी जड चालते" म्हणून. गाडी घेतलीस तर पहिल्याच दिवशी ब्रेकचे दोन्ही ड्रम उघडून लायनर, म्हणजे आतली झिजणारी पट्टी, बघून घे. पाचेकशे रुपयांच्या लायनरसाठी घाटातला उतार पणाला लावू नकोस.

मीटरचं थोडक्यात. मीटर फिरवलेला असू शकतो किंवा त्याची केबल महिनोन्‌महिने काढून ठेवलेली असू शकते. गाडीच्या अंगावर मात्र झीज राहते. गिअरच्या आणि ब्रेकच्या पायट्याचं, किकचं रबर बघ. ३८ हजारांत त्यावरची नक्षी पुसट होते, गुळगुळीत होऊन लोखंड दिसत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन्ही टायर २०१९ चेच असतील तर ३८ हजार चालून त्यांची नक्षी जवळपास संपलेली असायला हवी. नक्षी भरपूर शिल्लक असेल तर गाडी कमी चालली असेल, पण इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, तुझ्या वेगाला आणि पावसाला ते चालणार नाही. टायरांचे पैसे हिशेबात धर. चेन झाकलेली असते, कव्हरवरचं रबरी बूच काढून आत बोट घाल आणि मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढ. दात निम्मा उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा संच संपलाय. मागचं चाक आडवं हलवून बघ, खेळ असेल तर स्विंग आर्मचे बुश किंवा बेअरिंग गेलंय. हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ हे तुझं तू बघशीलच.

मग चालवायला ने, आणि मोहदरी घाटातच ने. मागे मामांना बसव. नाशिककडून सिन्नरकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दे. इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी त्या मानाने पळत नाही असं वाटलं तर क्लच प्लेट घसरतात. उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून, गिअरमध्येच गाडी खाली येऊ दे, आणि तळाशी आल्यावर एकदम ॲक्सिलरेटर दे. मामांनी त्याच वेळी मागे वळून बघायचं. निळ्या धुराचा एकच भपका आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. चढावर सतत धूर निघत असेल तर रिंग. सपाट मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, ४० च्या वेगाला हँडलवरची पकड सैल सोडून बघ. गाडी एका बाजूला ओढत असेल तर टायर, फोर्क किंवा चेसिस यांपैकी काहीतरी वाकडं आहे.

शक्य असेल तर तीच फेरी अंधार पडल्यावर आणखी एकदा मार. या गाडीचा दिवा ३५ वॅटचा. आतला आरसा काळवंडला असेल तर घाटाच्या वळणावर रस्त्यावरची खडी दिसणार नाही. तू रोज ज्या वेळी येणार आहेस त्याच अंधारात दिवा बघितला पाहिजे.

आता कागद. खरं तर हे शनिवारच्याही आधी करायचं. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाक. विमा, पीयूसी आणि गाडीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, ते दिसेल. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप निघत नाही, बँकेचा दाखला आणि नमुना ३५ लागतो. "तुम्ही घ्या, मी नंतर काढून देतो" याला हो म्हणू नकोस. दंडाची ई-चलनं वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर बघ, ती गाडीवर राहतात. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघ. नसेल तर ती मालकानेच बसवून द्यावी, त्याशिवाय आरटीओत हस्तांतर अडतं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम येऊ लागला. म्हणजे २०१९ च्या गाडीचा तो २०२४ मध्येच संपला. पुष्कळ मालकांच्या हे ध्यानातही नाही, विमा आहेच या समजुतीत ते बिनविम्याची गाडी चालवत असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी नावावर होणं. नमुना २९ आणि ३० वर (गाडी विकल्याचं कळवायचे आणि नावावर करायचे आरटीओचे अर्ज) सह्या घेऊन ते कपाटात ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. गाडी एमएच १५ चीच असेल, तुझं आरटीओही तेच, त्यामुळे कुठे लांब जावं लागणार नाही. मालकाने "कशाला घाई" म्हटलं तर त्यांना एक गोष्ट सांग. अपघात झाला आणि विमा नसला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी विकलेली असली तरीही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे घाई तुझ्यापेक्षा त्यांना असायला हवी. हे ऐकल्यावर ओळखीचा माणूस स्वतःहून तुझ्याबरोबर आरटीओत येईल. विमाही १४ दिवसांच्या आत तुझ्या नावावर करून घ्यायला अर्ज कर.

ॲव्हरेजचं विचारलंस. नीट ठेवलेली स्प्लेंडर हायवेला ५०-५५ च्या वेगाने चालवली तर ६० च्या पुढे देते. ७० देईलही एखाद्या दिवशी, पण महिन्याचा हिशेब ६० ने मांड. १८२० किलोमीटरला ३० लिटर. ब्रेक चिकटलेले, टायरात हवा कमी आणि एअर फिल्टर तुंबलेला अशी गाडी ४५ देते, मग ४० लिटर लागतात. वरचे १० लिटर म्हणजे महिन्याला हजार रुपये. एका फेरीत ॲव्हरेज कळत नाही, त्यामुळे मालकाशी त्यावर वाद घालू नकोस. गाडी घेतल्यावर टाकी काठोकाठ भर, आठवडाभर चालव, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भर आणि भाग. तो आकडा खरा.

राहिली वडिलांची गोष्ट. ते चुकीचं बोलत नाहीत. वर्षाला २२ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला नवी गाडी शोभते, आणि १२५ सीसीत पुढे डिस्क ब्रेक असलेली मिळाली तर तुझ्या रस्त्याला ती शंभर सीसीपेक्षा खूप बरी. पण हप्त्याचा हिशेब त्यांच्यापुढे मांड. समज २२ हजार रोख भरलेस आणि ७० हजारांचं कर्ज तीन वर्षांसाठी ११ टक्के फ्लॅट दराने घेतलंस. व्याज २३,१०० रुपये, हप्ता २,५८६. ११ टक्के ऐकायला बरं वाटतं, पण फ्लॅट दरात फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर वीस टक्क्यांच्या जवळ जातो. ९२ ची गाडी १ लाख १५ हजारांना पडते. आणि तुझी नोकरी कंत्राटाची, सात महिन्यांची. कामात खंड पडला तर हप्ता कांद्याच्या पैशांतून जाणार का, हे वडिलांनाच विचार. ९२ हा आकडा २२ सप्टेंबर २०२५ नंतरचा आहे ना, तेही शोरूमला विचारून घे. त्या दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

माझं मत विचारशील तर, कंत्राट कायम होईपर्यंत जुनी घे. मात्र ५२ ला नाही. टायर, लायनर, कोन सेट, चेन-स्प्रॉकेट, विमा, हस्तांतर हे सगळं धरलं तर सात-आठ हजार लागतील. इंजिन आणि पुढचं अंग स्वच्छ निघालं तर ४४ पर्यंत जा. टायमिंग चेनची खरखर असेल तर ४१-४२. निळा धूर असेल तर हाफ इंजिनचा अंदाज मेकॅनिककडून कागदावर लिहून घे आणि तो आकडा तसाच किमतीतून काप, आणि मालक तयार नसेल तर सोड. मानेवर वेल्डिंग दिसलं तर फुकट दिली तरी नको. पैसे बँकेतून दे, रोख नको, आणि निम्मे हस्तांतराचा अर्ज दाखल झाल्यावर दे. ओळखीत हेही बोलता येतं, मामांना बोलू दे.

ही गाडी नाही जमली तर पुढच्या रविवारी दुसरी बघ. तोवर दुसऱ्या पाळीला मित्राच्या खोलीवर झोपत जा. फेरी मारून आलास की वर्तमानपत्रावरचा डाग कुठे होता आणि हँडल मधोमध अडकलं का, एवढं मला लिहून कळव. दुसरी गाडी बघावी लागली तर तिच्याबद्दलही मग सांगता येईल.